महाजालाचे पोस्टमास्तर

सकाळी कार्यालयात पाऊल टाकताच आधी टपाल पाहायचे, ही सवय जुनीच आहे. बदलले ते टपाल. वकील असो, सनदी लेखापाल असो वा डॉक्टर, दिवसाचा प्रारंभ आता ई-मेलची पेटी उघडून होतो. मुंबईतून धाडलेले पत्र काही क्षणांत न्यूयॉर्कला पोहोचते, याचे कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. या पत्राला वाट कोण दाखवतो, वाटेत ते गहाळ का होत नाही, आणि पाठवणाऱ्याचे नाव खोटे असले तरी ते बिनबोभाट कसे पोहोचते, हे प्रश्न मात्र फारसे विचारले जात नाहीत. या तिन्ही प्रश्नांचा माग काढत गेले, की वाट एकाच माणसाच्या टेबलाशी येऊन थांबते. लांब दाढी, पायात सँडल आणि मितभाषी स्वभाव असलेले हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ म्हणजे जॉन पोस्टेल. त्यांच्या आडनावात पोस्ट असावे हा निव्वळ योगायोग. पण त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला याहून साजेसे आडनाव शोधून सापडले नसते.

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. पुढे इंटरनेटच्या इतिहासात अजरामर झालेले व्हिन्ट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. संशोधनासाठी ते तेथेच राहिले आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. हा निर्णय त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘अर्पा’ ही संस्था त्या काळी दूरदूरच्या विद्यापीठांतील संगणक एकमेकांना जोडण्याच्या खटपटीत होती. ‘अर्पानेट’ या नियोजित जाळ्याचे पहिले ठाणे क्लाइनरॉक यांची प्रयोगशाळा होते. १९६९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस तेथे शीतकपाटाएवढे एक यंत्र येऊन पोहोचले. २९ ऑक्टोबरच्या रात्री या यंत्रामार्फत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाशी संपर्क साधला गेला. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. तासाभराने तो पुन्हा उभा राहिला व संभाषण जुळले. पोस्टेल त्या प्रयोगशाळेतील तरुणांपैकी एक होते.

दोन संगणक तारेने जोडले, एवढ्याने ते बोलू लागत नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेल्या त्या यंत्रांची भाषा, अक्षरे मोजण्याची रीत, एवढेच काय, एका शब्दाची लांबीही वेगळी असे. कोणी आधी बोलायचे, ऐकले हे कसे कळवायचे, बोलणे संपले हे कसे ओळखायचे, याचे नियम ठरवावे लागत. हे नियम ठरवले कोणी? ना सरकारने, ना कोणा महामंडळाने. विशीतल्या-पंचविशीतल्या विद्यार्थ्यांनी आपापसांत टिपणे लिहून ते ठरवले. पहिले टिपण स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिले. हुकूम दिल्यासारखे वाटू नये म्हणून त्याला नावही नम्र दिले: अभिप्रायाची विनंती, म्हणजे ‘आरएफसी’. या टिपणांना क्रमांक देणे, ती तपासणे आणि जपणे हे काम लवकरच पोस्टेल यांच्याकडे आले, आणि अखेरच्या दिवसापर्यंत, सुमारे २८ वर्षे, त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या हयातीत टिपणांची संख्या २,४०० च्या पुढे गेली. शेकडो टिपणे त्यांनी स्वतः लिहिली, आणि इतरांच्या टिपणांतील गचाळ वाक्ये व अर्धवट विचार ते निर्दयपणे परत पाठवीत.

याच्या जोडीला आणखी एक काम त्यांनी अंगावर घेतले. संगणकावरच्या प्रत्येक सेवेला एक क्रमांक लागतो. मोठ्या कचेरीत जसे आवक-जावक, रोखपाल आणि चौकशी यांच्या खिडक्या वेगळ्या असतात, तसेच हे. कोणती सेवा कोणत्या खिडकीवर, हे सर्वांनी एकमताने मानले नाही तर गोंधळ उडणार. मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी सुचवले, की हे क्रमांक वाटण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे; आणि कंसात, प्रश्नचिन्हासह, स्वतःचीच नेमणूक सुचवली. कोणी हरकत घेतली नाही. जगातील सर्वांत मोठ्या संपर्कयंत्रणेच्या नोंदवहीचा कारभार असा एका प्रश्नचिन्हाने सुरू झाला. ना कायदा, ना करार, ना निवडणूक.

१९७४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषयही संगणकांच्या संभाषणाचे नियम हाच होता. दोन यंत्रे एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत कायमची अडकून पडतील की नाही, हे गणिती पद्धतीने आधीच तपासता येईल काय, याचा त्यांनी त्यात शोध घेतला. काही काळ अन्यत्र नोकऱ्या केल्यावर मार्च १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले. मरीना डेल रे येथील समुद्रकाठची ही संस्था त्यांनी पुढे सोडली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी लिहिलेले एक छोटे टिपण फार मोलाचे ठरले. व्हिन्ट सर्फ आणि बॉब कान यांनी निरनिराळी जाळी जोडणारी एक नियमावली तयार केली होती. संदेश जाळ्यांवरून अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यावर कोठून निघाला व कोठे जायचा, हे आकड्यांत लिहिलेले असते. वाटेतील प्रत्येक नाक्यावरचे यंत्र, ज्याला आज राउटर म्हणतात, तो पत्ता वाचून तुकडा पुढच्या नाक्याकडे ढकलते. तुकडे वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, मागेपुढे पोहोचू शकतात, एखादा गळूनही पडतो. शेवटी त्यांची मोजदाद करून, क्रमाने लावून, गळालेला पुन्हा मागवून संदेश अखंड करावा लागतो. मूळ आराखड्यात ही दोन्ही कामे एकाच नियमावलीत गुंतलेली होती. पोस्टेल यांनी दाखवून दिले की ही सरमिसळ चुकीची आहे. तुकडा पुढच्या नाक्यावर नेणे हे हमालाचे काम, तर सगळा माल पोहोचला की नाही हे पाहणे दोन टोकांवरच्या कारकुनांचे. हमालाने माल मोजत बसू नये. १९७८ मध्ये या कामांची फारकत झाली आणि आयपी व टीसीपी अशा दोन नियमावल्या निर्माण झाल्या. सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांचे जे रूप प्रसिद्ध झाले, त्याचे संपादक पोस्टेलच होते. वाटेतील यंत्रांना साधे ठेवण्याच्या या निर्णयामुळेच जाळे पुढे कोट्यवधी यंत्रांपर्यंत वाढू शकले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मालाची वाहतूक ठरली. पण पत्रव्यवहाराचे काय? एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवण्याची किमया रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केली होती, आणि नाव व संगणक यांच्यामध्ये घालण्याचे ‘ॲट’ हे चिन्हही त्यांनीच रूढ केले. तथापि पुढे बराच काळ पत्रे फायली पाठवण्याच्या यंत्रणेवर उपऱ्यासारखी स्वार होऊन जात. पत्रांसाठी स्वतंत्र नियमावली हवी होती. काही खर्डे लिहून आणि फाडून झाल्यावर ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ प्रसिद्ध केले. साधी पत्रवहन नियमावली, म्हणजेच ‘एसएमटीपी’, ती हीच. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, पण आजही जगातील सर्व्हर परस्परांना पत्रे देतात ती मुख्यतः याच रीतीने.

ही रीत समजून घेण्यास संगणकशास्त्राची गरज नाही. ई-मेल लिहून ‘पाठवा’ म्हटले, की ती आधी पाठवणाऱ्याच्या टपालघरात, म्हणजे त्याच्या सर्व्हरवर जाते. हा सर्व्हर पत्त्यातील ‘ॲट’नंतरचा भाग पाहतो आणि त्या नावाचे टपाल कोणता संगणक स्वीकारतो, याची चौकशी करतो. उत्तर मिळाले की तो त्या संगणकाच्या २५ क्रमांकाच्या खिडकीवर जाऊन उभा राहतो. मग दोन यंत्रांत चक्क संभाषण होते. आलेला सर्व्हर नमस्कार करून आपले नाव सांगतो. पत्र कोणाकडून आहे ते सांगतो. कोणासाठी आहे ते सांगतो. प्रत्येक वाक्यावर पलीकडून तीन आकडी उत्तर येते. दोनाने सुरू होणारा आकडा म्हणजे ठीक आहे, चाराने सुरू होणारा म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या, आणि पाचाने सुरू होणारा म्हणजे साफ नकार. परत आलेल्या ई-मेलमध्ये ५५० हा आकडा दिसतो तो हाच. बहुधा त्या नावाचा कोणी तेथे राहत नाही, असा त्याचा अर्थ. होकार मिळाला की पत्राचा मजकूर ओळीओळीने वाचून दाखवला जातो, आणि एका ओळीवर केवळ एक पूर्णविराम देऊन तो संपल्याचे कळवले जाते.

यानंतर पलीकडचा सर्व्हर २५० म्हणतो, तो क्षण सर्वांत महत्त्वाचा. त्या क्षणी पत्राची जबाबदारी हस्तांतरित होते. तोवर ते पाठवणाऱ्या सर्व्हरच्या अंगावर असते आणि त्याला आपली प्रत टाकून देता येत नाही. त्यानंतर ते स्वीकारणाऱ्याच्या अंगावर. त्याने ते पोहोचवावे, नाहीतर पोहोचले नाही असे मूळ लेखकाला कळवावे. सरकारी कचेरीत सहीशिक्क्याची पोच मिळेपर्यंत कागद हातचा न सोडण्याची जी रीत, तीच ही. एकाच ठिकाणच्या दहा जणांना पत्र असेल तर दहा नावे सांगून मजकूर एकदाच देण्याची सोयही पोस्टेल यांनी करून ठेवली. त्या काळच्या संथ तारांवर ही काटकसर मोठी होती. पेटीत पडलेले पत्र घरच्या संगणकावर आणण्यासाठी १९८४ मध्ये वेगळी नियमावली झाली. तिच्या लेखिका जॉइस रेनॉल्ड्स या पोस्टेल यांच्या निकटच्या सहकारी होत्या.

या नियमावलीत एक उणीव होती आणि तिची किंमत जग अजून मोजत आहे. लिफाफ्यावर प्रेषक म्हणून जे नाव सांगितले जाते, ते खरे आहे काय, हे विचारण्याची तरतूदच तिच्यात नव्हती. शिवाय लिफाफ्यावरचे नाव आणि आतल्या कागदावरचे नाव एकच असले पाहिजे, असेही बंधन नव्हते. वाचकाला दिसतो तो आतला कागद. त्यामुळे बँकेच्या नावाने खोटी पत्रे पाठवणे भामट्यांना सोपे गेले. नको असलेल्या टपालाचा धोका पोस्टेल यांना ठाऊक नव्हता, असे मात्र नाही. नोव्हेंबर १९७५ मध्येच त्यांनी त्या विषयावर एक टिपण लिहिले होते. एखादे यंत्र निरुपयोगी संदेशांचा मारा करू लागले, तर ते नाकारण्याची सोय जाळ्यात असावी, अशी त्यांची मागणी होती. १९७८ मध्ये एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवली, तेव्हा गहजबही झाला. तरीही १९८२ मध्ये त्यांनी प्रेषकाच्या ओळखीचा प्रश्न बाजूला ठेवला. त्या वर्षी जाळ्यावर जेमतेम अडीचशे संगणक होते आणि त्यांचे चालक बहुतेक एकमेकांना नावाने ओळखत. दाराला कुलूप नसलेल्या वाड्यासारखी ती वस्ती होती. दोष द्यायचाच, तर वाडा शहर झाल्यावरही कुलूप बसवण्यास पुढची वीस वर्षे टाळाटाळ करणाऱ्या सर्वांना तो द्यावा लागेल. प्रेषकाची खातरजमा करणाऱ्या पद्धती पुढच्या शतकात आल्या, आणि त्याही जुन्या नियमावलीला वरून जोडलेली ठिगळेच आहेत.

पोस्टेल यांचा कल उदारतेकडे होता. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, दुसऱ्याकडून आलेल्याची बारीकसारीक चूक मात्र सांभाळून घ्यावी, हे तत्त्व त्यांनी १९८० मध्ये टीसीपीच्या मसुद्यात लिहून ठेवले. ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पण गरज पडली तर ते कठोरही होत. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटवरील सर्व संगणकांनी जुनी नियमावली टाकून टीसीपी-आयपी स्वीकारायचे होते. स्थित्यंतराची योजना पोस्टेल यांनी चौदा महिने आधी लिहून दिली होती. चालढकल करणाऱ्यांना गांभीर्य कळावे म्हणून १९८२ मध्ये जुनी व्यवस्था मधेच तात्पुरती बंद करून दाखवण्यात आली. आरडाओरड झाली, पण नववर्षदिनी स्थित्यंतर पार पडले; त्यातून तगल्याचे बिल्लेही काही जणांनी छातीवर मिरवले.

तोवर संगणकांच्या नावांची यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एका फाइलमध्ये ठेवलेली असे आणि सर्वांनी तिची प्रत उतरवून घ्यायची असे. संख्या वाढू लागताच ही पद्धत मोडकळीस आली. पोस्टेल यांनी संस्थेतील तरुण सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्यावर नव्या रचनेचे काम सोपवले, आणि १९८३ मध्ये नावांची श्रेणीबद्ध व्यवस्था, म्हणजे ‘डीएनएस’ जन्माला आली. पत्त्यातील शेवटचा भाग, उदाहरणार्थ डॉट कॉम, कोणाकडे हे वरच्या मूळ सर्व्हरना ठाऊक. त्याखालचे नाव त्या-त्या चालकाला ठाऊक. वर सांगितलेली पत्रापूर्वीची चौकशी चालते ती याच शिडीने.

देशांची नावे द्यायची वेळ आली तेव्हा पोस्टेल यांचे व्यवहारज्ञान दिसले. देश कोणता आणि प्रांत कोणता, हा वाद संगणकवाल्यांनी सोडवायचा नाही, असे ठरवून त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची तयार दोन अक्षरी यादी जशीच्या तशी उचलली. त्या-त्या देशाचे नाव सांभाळण्यास योग्य व्यक्ती वा संस्था शोधून ते तिच्या हवाली करायचे, एवढाच त्यांचा कारभार. सांभाळणारा हा विश्वस्त आहे, मालक नव्हे, हा दंडक त्यांनी १९९४ मध्ये लेखी स्वरूपात घातला. भारताचे ‘डॉट इन’ हे नाव ८ मे १९८९ रोजी याच नोंदवहीत चढले. ते सांभाळण्याचे काम मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होते. सामान्य भारतीयांना इंटरनेट मिळायला तेव्हा सहा वर्षांचा अवकाश होता.

१९८८ च्या सुमारास या नोंदवहीला ‘आयाना’ असे भारदस्त नाव मिळाले. नाव मोठे, प्रत्यक्षात पोस्टेल, रेनॉल्ड्स आणि मोजके सहकारी. पगार सरकारी संशोधन निधीतून. कोणाला क्रमांक हवा असेल तर त्याने ई-मेल करावी आणि कारण पटले तर तो मिळावा. वृत्तपत्रांनी त्यांना इंटरनेटचा देव ठरवले. त्यांना स्वतःला हिशेबनीस म्हटलेले अधिक रुचले असते. सवड मिळताच ते पाठीवर पिशवी टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकत.

मग पैसा आला. डॉट कॉम नावांच्या नोंदणीचे कंत्राट असलेल्या नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीला सप्टेंबर १९९५ पासून प्रत्येक नावामागे वर्षाला ५० डॉलर आकारण्याची मुभा मिळाली, आणि कोरडी नोंदवही सोन्याची खाण झाली. एका कंपनीची मक्तेदारी मोडावी म्हणून पोस्टेल यांनी नवी वरिष्ठ नावे निर्माण करण्याचा घाट घातला. तो अमेरिकी सरकारने अडवून धरला. नोंदवही नेमकी कोणाची, हा १९७२ पासून कोणी न विचारलेला प्रश्न आता वकिलांच्या तोंडी आला.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ मूळ सर्व्हरच्या चालकांना एक ई-मेल पाठवली. नावांची मुख्य यादी यापुढे नेटवर्क सोल्यूशन्सकडून न घेता आपल्या संस्थेतील सर्व्हरवरून घ्यावी, एवढीच तिच्यात विनंती होती. जगात मूळ सर्व्हर एकूण तेरा. आठही चालकांनी निमूटपणे ऐकले. सामान्य माणसाला काहीच जाणवले नाही, कारण दोन्ही याद्या सारख्याच होत्या. पण त्या यादीत एक ओळ घालण्याची वा खोडण्याची सत्ता व्हर्जिनियाहून कॅलिफोर्नियाला आली होती. वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी विद्यापीठापर्यंत निरोप पोहोचवला. ही केवळ चाचणी होती, असे पोस्टेल यांनी सांगितले आणि आठवड्याभरात सारे पूर्ववत केले. ती खरोखर चाचणी होती की इशारा, यावर जाणकारांत मतभेद आहेत. एका संशोधकाच्या शब्दावर आठ चालकांनी यंत्रे फिरवली, ही वस्तुस्थिती मात्र सरकारच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

त्यानंतरचे महिने त्यांनी आपला अधिकार रीतसर एका संस्थेकडे सुपूर्द करण्याच्या कामी घालवले. सप्टेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या कारभाराची घडी पोस्टेल बसवणार होते. त्यांच्या हृदयाची झडप १९९१ मध्ये बदललेली होती. तिला पुन्हा गळती लागली. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतून १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. त्या वर्षी जाळ्यावर सुमारे तीन कोटी संगणक होते.

मृत्युलेख व्हिन्ट सर्फ यांनी लिहिला आणि तो प्रसिद्ध झाला पोस्टेल यांनी आयुष्यभर सांभाळलेल्या टिपणांच्या मालिकेतच, २४६८ या क्रमांकाने. आयानाचे काम आयकॅनकडे गेले, तरी त्यावरचा अमेरिकी सरकारचा करार आणखी अठरा वर्षे राहिला. तो १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आला. २५ क्रमांकाची खिडकी अजून पत्रांचीच आहे.